चौथं सील

“सील कुठलं घालू, एवढंच सांगा.”

दस्तगीर मिस्त्रींच्या मांडीवर फवारणीचा पंप होता. तो उलटा करून ते त्याच्या बुडाकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला ठाऊक न्हाई,” ते म्हणाले.

मकरंद शिंत्रे त्यांच्या ओट्याच्या पायरीवर उभा होता. हातात जाड फाईल. गडहिंग्लजजवळच्या एका तंत्रनिकेतनात तो मोटारगाड्यांचा विषय शिकवायचा. अठरा वर्षं शिकवत होता. असं उत्तर त्याने वर्गात एकदाही दिलं नव्हतं, आणि ते ऐकायला तो इथवर आलाही नव्हता.

“तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलीत ना, मिस्त्री?”

“काढली.”

“मग हजार तरी सीलं बदलली असतील.”

“जास्तच.”

“आणि तुम्हाला ठाऊक नाही?”

“त्या गाड्या येगळ्या, सर. तुमची मी बघितली कुठं?”

मकरंदने फाईल उघडली. गाडी बघायची गरजच पडू नये इतकं सगळं त्यात होतं.

जीप जुनी, डिझेलची. मागचं चाक ज्या पोलादी दांड्यावर फिरतं तो एक्सल. तो ज्या जाड नळीत असतो तिच्यात तेल असतं, आणि नळीच्या तोंडाशी दांड्याभोवती एक रबरी कडं बसवलेलं असतं. ते सील. ते तेलाला आत ठेवतं. ते निकामी झालं की तेल चाकात उतरतं... आणि ब्रेक चाकातच असतो.

डाव्या चाकाचं सील मकरंदने घरच्या मांडवात, स्वतःच्या हाताने, तीनदा बदललं होतं. तिन्ही वेळा तारखेसह नोंद केली होती, फोटो लावले होते. तिन्ही वेळा काही दिवस चाक कोरडं राहिलं होतं.

मिस्त्रींनी फाईलची पानं उलटली. सावकाश, एकेक. मग मिटून परत दिली.

“गाडी चालवतं कोण?”

“माझी बायको. जनावरांची डॉक्टर आहे. वरच्या पठारावर धनगरवाडे आहेत, तिकडे जाते.”

“आता कशी जाती?”

मकरंदने फाईल काखेत धरली.

“एसटीने. घाटाच्या वरच्या फाट्यापर्यंत. पुढे चालत.”

“गाडी असून?”

“गाडी... महिन्यापूर्वी उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी एका बाजूला ओढली गेली. डावं चाक तेलाने भिजलेलं, ते धरेना. दरडीला जाऊन लागली. भुवईवर टाके पडले तिच्या.”

“मग?”

“मग काही नाही. भांडली नाही. एवढंच म्हणाली, तुम्ही म्हणाला होता ठीक आहे. तेव्हापासून गाडीत बसली नाही.”

मकरंदला वाटलं, इथे थांबता येईल. पण मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्याला पुढचंही सांगावं लागलं.

“गेल्या आठवड्यात एका वाड्यावर गाय अडली होती. निरोप सकाळीच आला. एसटी दुपारची. ही चालत पोचेपर्यंत वासरू गेलं होतं. गाय वाचली.”

पलीकडे कुणी तरी हापशावर पाणी भरत होतं.

मिस्त्रींनी पंप मांडीवरून खाली ठेवला. खुंटीवरची टोपी घेतली.

“चला.”

“कुठे?”

“बघाय.”

*

मकरंदच्या घरामागे पत्र्याचा मांडव होता. भिंतीवर नट आवळायचे पाने चढत्या मापाने टांगलेले, प्रत्येकाच्या मागे त्याच्या आकाराची पांढरी रेघ. खाली फरशी. फरशीवर जीप. तिच्या उजव्या अंगाला दरडीने ओढलेला ओरखडा अजून तसाच होता.

ती रविवारची सकाळ होती. गिरिजा मागच्या दारात आपली अवजारं उकळत्या पाण्यात घालत होती. भुवईवरची खूण गुलाबी दिसत होती.

“या चाचा,” ती म्हणाली. “चहा ठेवते.”

मिस्त्रींनी एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

“करा.”

“मी?”

“तुमचा हात बघतो.”

मकरंदला ते आवडलं. हात दाखवायला तो कधीही तयार असायचा.

त्याने गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोडी लावली, जॅकवर विसंबून राहिला नाही. चाक काढलं. ब्रेकचा ड्रम काढला. आतले ब्रेकशू तेलाने काळेशार झाले होते. नटा-बोल्टांची जागा चुकू नये म्हणून त्याने ते काढले त्याच क्रमाने कापडावर मांडले. मग दांडा ओढला. दांडा एकाच दमात, कुठेही न घासता बाहेर आला.

मिस्त्रींनी मान डोलावली. “हात चांगला हाय.”

त्यांनी दांडा मांडीवर घेतला. सील जिथे टेकतं तिथे अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. झिजून खाच पडली असती तर नख अडलं असतं. अडलं नाही.

“दांडा मीही बघितला होता,” मकरंद म्हणाला. “फाईलमध्ये आहे.”

मिस्त्रींनी बेअरिंग हलवून बघितलं. खेळ नव्हता, घट्ट होतं. तेलाची पातळी बघितली. जिथे हवी तिथेच.

“तेही आहे फाईलमध्ये.”

“सील काढा.”

मकरंदने सील उचकटून काढलं. मिस्त्रींनी ते उजेडात धरलं. ओठासारखी आतली कड बोटाने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. आतली बारीक स्प्रिंग जागेवर होती. रबर मऊ होतं. कुठे चीर नाही, कड दुमडलेली नाही.

“हे सील तर बरं हाय.”

“बरं कसं असेल? त्यातूनच गळलं.”

“व्हय. पण बरं हाय.”

त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी खुललं होतं. एवढा वेळ ते पाहुण्यासारखे बसले होते. आता बादली पुढे सरकवून ते नळीच्या तोंडात डोकावले.

“दांडा बरा. बेअरिंग बरं. सील बरं. बसवलंयबी झाक... आणि तेल भायेर.”

“मग आलं कसं?”

“तेच की.”

मकरंदला राग आला. कोडं घालणाऱ्या माणसासारखा हा म्हातारा खूश दिसत होता. उत्तर मुठीत धरून बसला असणार.

“मिस्त्री, तुम्हाला कळलंय. सांगून टाका.”

“न्हाई कळलं. गळाय लागलं त्याच्या आधी गाडीला काय केलं हुतं?”

“काहीच नाही.”

“आणि गळतं कवा?”

“रोजच.”

“रोज नाही.”

गिरिजा चहाचे कप घेऊन उभी होती. दोघांनी वळून बघितलं.

“खालच्या गावांना आठवडाभर फिरले तरी थेंब नसतो,” ती म्हणाली. “घाट चढले की तिसऱ्या वळणाच्या आसपास वास सुटतो. वर जाऊन थांबले की चाकाखाली डाग. खाली सपाटीवर आले की दुसऱ्या दिवशी काही नाही.”

“वास?” मकरंद म्हणाला.

“तेलाचा. उग्र. गंधकासारखा.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगायला आले होते. दुसऱ्या सीलाच्या वेळी. तुम्ही म्हणालात, सील बदललंय, आता तो विषय संपला.”

मकरंदने फाईलकडे बघितलं. त्यात सीलांची मापं होती, तारखा होत्या. गाडी त्या त्या दिवशी कुठल्या रस्त्याने गेली, यासाठी एकही रकाना नव्हता.

मिस्त्री चहा प्यायचे थांबले होते.

“चढाला गळतं... सपाटीला न्हाई,” ते स्वतःशीच म्हणाले. मग गिरिजाला विचारलं, “चढून वर गेल्या गेल्या बंद व्हतं का थोडा येळ टिकतं?”

“थोडा वेळ टिकतं. गाडी निवेपर्यंत.”

“असं.”

आणि ते पुन्हा चहा प्यायला लागले.

*

चौथं सील मकरंदने आणून ठेवलं होतंच. ब्रेकशूही नवे आणले होते.

“हे चालेल?” त्याने विचारलं. “का दुसऱ्या कंपनीचं आणू?”

“घाला.”

त्याने सीलाच्या कडेला तेलाचं बोट फिरवलं, ते नळीच्या तोंडावर ठेवलं आणि लाकडाचा सपाट ठोकळा वर धरून चहूबाजूंनी सारखं ठोकत आत बसवलं. ड्रम धुऊन पुसला. नवे ब्रेकशू चढवले. सगळं जोडून, चाक लावून गाडी अंगणात दोनदा पुढे-मागे करून ब्रेक दाबून बघितला. धरत होता.

“झालं,” तो म्हणाला.

“काय झालं?”

मकरंदने पाने पिशवीत टाकले.

“आता घाट चढाय पायजे,” मिस्त्री म्हणाले.

“मी चालवतो.”

“तुम्हाला त्यो वास वळखू येतो?”

“...नाही.”

दोघेही गिरिजाकडे बघत नव्हते. ती हात पुसत पायऱ्या उतरून आली. गाडीच्या दाराशी उभी राहिली. दारावरचा ओरखडा तिने बोटाने एकदा चाचपला.

“चढायला येते,” ती म्हणाली. “उतरायचं ते वर गेल्यावर बघू.”

तिने आपली औषधांची पेटी घेतली आणि मागे टाकली. सवयीने असेल.

मिस्त्री तिच्या शेजारी बसले. मकरंद मागे, पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन. स्वतःच्याच गाडीत मागे बसायची त्याची ही पहिली वेळ होती. मागून गिरिजाचे दोन्ही हात दिसत होते. तिने स्टिअरिंगचं चाक गच्च धरलं होतं.

ऊन कडक होतं. हरणटेकचा घाट सुरू झाला तशी तिने गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. इंजिन जड झालं. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला वाळलेल्या गवताचा उतार.

पहिलं वळण. दुसरं.

ज्या ठिकाणी गाडी दरडीला लागली होती तिथे माती अजून खरवडलेली होती. गिरिजाने तिकडे बघितलं नाही. मकरंदने बघितलं.

तिसऱ्या वळणाच्या पुढे तिने मान किंचित वर केली.

“आला.”

मकरंदने श्वास घेतला. डिझेल, धूळ, तापलेलं लोखंड. एवढंच.

“कुठे?”

“आला ना. डावीकडून.”

त्याने डोळे मिटले. पुन्हा श्वास घेतला. आणि मग, सगळ्या वासांच्या खाली, तो लागला. गंधकासारखा.

गाडी चढत राहिली.

*

वर पठाराच्या तोंडाशी रस्ता सपाट होतो. तिथे गिरिजाने गाडी थांबवली, हातब्रेक ओढला आणि उतरून चाकांना दगड लावले.

मकरंद डाव्या चाकामागे वाकला. ब्रेकमागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला तेलाचा एक थेंब लोंबत होता. बघता बघता तो मोठा झाला आणि तुटून रस्त्यावर पडला. दुसरा तयार व्हायला लागला.

चौथं सील. तीन तासांपूर्वी बसवलेलं.

तो रस्त्यातच बसला. पिशवी बाजूला पडली.

“संपलं,” तो म्हणाला. “मला जमत नाही हे. विकून टाकू गाडी.”

वारा होता. लांबवर कुठे तरी मेंढरांचा आवाज ऐकू येत होता.

तो थेंबाकडे बघत राहिला. तीन वेळा त्याने ही जागा बघितली होती. पण मांडवात, गाडी गार असताना, तेल वाळून गेल्यावर. गळताना कधीच बघितली नव्हती.

दुसरा थेंब पडला.

“चढावरच का पण?” तो म्हणाला.

हे त्याने मिस्त्रींना विचारलं नव्हतं. गिरिजालाही नाही. मिस्त्रींनी मात्र चाकावरून नजर काढून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

“चढावर जोर पडतो,” मकरंद हळूहळू म्हणाला. “तेल तापतं. तापलं की फुगतं... पण एवढं नाही फुगत. आत हवा असते. हवा फुगते. खूप फुगते. मग ती...”

तो थांबला.

“मग ती कुठं जाती?” मिस्त्रींनी विचारलं.

“ब्रीदरमधून. नळीच्या वरच्या अंगाला बारीक भोक असतं, त्याच्यावर टोपण. आतली हवा त्यातून बाहेर जाते. म्हणजे आत दाब धरत नाही. प्रत्येक गाडीला असतं.”

“तुमच्या?”

“असतं ना.”

“दावा.”

मकरंद गाडीखाली सरकला. मिस्त्रींनी खांद्यावरचा टॉवेल रस्त्यावर अंथरला आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस पांढऱ्या कपड्यांनिशी त्याच्या शेजारी जाऊन उताणा पडला.

वर एक्सलची नळी होती. काळी, एकसारखी, गुळगुळीत. मकरंद या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेला. मग परत आला.

“इथेच असायला पाहिजे.”

“कुठं?”

“इथेच...”

त्याने हात वर नेला आणि नळीच्या पाठीवरून बोट फिरवलं. नळी चांगलीच तापली होती. चटका बसला तरी त्याने बोट काढलं नाही. मध्याच्या जरा डावीकडे एक उंचवटा लागला. करंगळीच्या टोकाएवढा. त्यावरही तोच काळा थर.

“मिस्त्री... स्क्रू ड्रायव्हर द्या.”

बाहेरून गिरिजाने पिशवीतून काढून दिला.

त्याने उंचवट्याभोवती टोकाने कोरलं. डांबरासारखा थर होता, चिवट. एक खपली निघाली. दुसरी. टोपणाची कड उघडी पडली. त्याने टोक कडेखाली घालून किंचित उचकलं...

फुस्स...

गरम, तेलकट हवा त्याच्या तोंडावर आली. ती थांबेचना. थांबेल म्हणून तो वाट बघत राहिला, आणि ती येतच राहिली. हळूहळू पातळ झाली. मग संपली.

दोघे तसेच पडून राहिले.

“मीच,” मकरंद म्हणाला.

“काय?”

“हा थर. गेल्या पावसाळ्याच्या आधी गाडीला खालून गंज लागू नये म्हणून काळा लेप मारला होता. मीच. दोन हात दिले. कुठे एक ठिपका सुटू दिला नाही. मुलांना फोटो दाखवले होते वर्गात, काम असं करायचं म्हणून.”

मिस्त्री वर बघत होते. त्या उघड्या पडलेल्या टोपणाकडे.

“मघाशी तुम्ही विचारलंत, गाडीला आधी काय केलं. मी काहीच नाही म्हणालो.”

“तसं वाटलं आसंल तुम्हाला.”

*

ते बाहेर आले तेव्हा गिरिजा चाकाशी उकिडवी बसली होती.

“कसला आवाज होता?”

मकरंदने सांगितलं. न अडखळता, काही न वगळता. आत कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ती आधी जिथून सुटेल तिथून, डाव्या सीलामधून, तेल ढकलत होती. सील कुठलंही घातलं असतं तरी तेच झालं असतं. वाट त्याने बुजवली होती.

तिने ऐकून घेतलं. मकरंदने चाक आणि ड्रम उतरवून आत बघितलं; तेल खालच्या कडेनेच ओघळलं होतं, नवे ब्रेकशू कोरडे होते, तरी त्याने सगळं पुसून परत चढवलं. मग तिने पिशवीतलं फडकं काढलं, पत्र्याची कड पुसून कोरडी केली, रस्त्यावरचा डागही पुसला आणि पुन्हा तिथेच बसली.

ती बघत राहिली. ते दोघे तिच्याकडे बघत राहिले.

दहा मिनिटं गेली असतील. नवा थेंब आला नाही. तिने कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, नाकाशी नेलं.

“मी वाड्यावर जाऊन येते,” ती उठत म्हणाली. “ती गाय बघायची आहे. अजून नीट खात नाही म्हणतात.”

“मी येतो,” मकरंद म्हणाला.

“नको.”

आवाजात राग नव्हता. तिने चाकाचे दगड काढले, गाडी सुरू केली आणि पठारावरच्या कच्च्या रस्त्याने निघून गेली. धूळ बराच वेळ हवेत होती.

रस्त्याच्या कडेला मोरी होती. दोघे तिच्या कठड्यावर बसले.

“चाचा,” मकरंद म्हणाला. सकाळपासून त्याने मिस्त्री म्हटलं होतं. “दरवर्षी साठ मुलांना ब्रीदर शिकवतो मी. परीक्षेत विचारतो. दोन मार्कांना.”

“बरोबर लिवत्यात?”

“सगळे.”

“बरं हाय.”

“मी सील बदलत होतो तेव्हा ते चांगलंच होतं. चारही चांगली होती. तेल थांबवायला आणखी घट्ट काही तरी हवं म्हणून शोधत होतो. आणि ते थांबलं कधी, तर भोक उघडलं तेव्हा.”

मिस्त्रींनी डबीतून चिमूटभर तंबाखू काढली, पण ती तशीच बोटांत राहिली. ते कच्च्या रस्त्याकडे बघत होते.

“ते वासरू माझ्यामुळे गेलं,” मकरंद म्हणाला.

दस्तगीर मिस्त्री नाही म्हणाले नाहीत.

सावल्या मोरीच्या या बाजूला आल्या. मग आधी आवाज आला, मग धूळ दिसली.

गिरिजाने गाडी त्यांच्यासमोर उभी केली. उतरली नाही.

“कोरडं आहे,” ती म्हणाली. “दोनदा थांबून बघितलं.”

“गाय?” मिस्त्रींनी विचारलं.

“उठली आज. कडबा खाल्ला थोडा.” ती जरा थांबली. “बसा.”

मकरंद मागे बसला.

उतार लागला. पहिल्या सरळ पट्ट्यावर, मागे-पुढे कुणी नाही असं बघून, तिने अचानक ब्रेक दाबला. तिघंही पुढे झुकले. गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली. इकडे नाही, तिकडे नाही.

तिने आरशात बघितलं. मकरंदची नजर तिथे होती. त्याने ठीक आहे म्हटलं नाही.

तिने गाडी पुन्हा सोडली. खरवडलेल्या दरडीपाशी वेग कमी केला आणि पुढे गेली. आता तिचे हात स्टिअरिंगवर सैल होते.

*

मिस्त्रींच्या घरापाशी ते उतरले तेव्हा ऊन कललं होतं. तिघांनीही चाकामागे वाकून बघितलं. कडेला धूळ बसली होती, आणि ती कोरडी होती.

मिस्त्रींनी कपडे झटकले. पाठीवरचा काळा डाग तसाच राहिला. त्यांनी ओट्याची पायरी चढायला पाय उचलला.

“चाचा, एक विचारू?”

“विचारा.”

“तुम्हाला आधीच कळलं होतं ना? ब्रीदर बुजलाय हे. मला शिकवायचं म्हणून दिवसभर बोलला नाहीत.”

“न्हाई.”

“खरं सांगा.”

“बाईंनी घाटाचं सांगितलं तवा वाटाय लागलं, आत काय तरी कोंडतंय. पर वाटणं येगळं. कळलं ते फुस्स झालं तवा.”

“माझ्याबरोबरच?”

“तुमच्याबरोबरच.”

गिरिजा गाडीला टेकून ऐकत होती.

“म्हणजे सकाळी मी इथे आलो तेव्हा तुम्हाला खरंच काही ठाऊक नव्हतं.”

“काय सुदिक न्हाई.”

“मग माझ्याबरोबर आलात कशाला?”

दस्तगीर मिस्त्रींनी वळून बघितलं. या प्रश्नाचं त्यांना खरोखर नवल वाटलेलं दिसलं.

“ठाऊक असतं तर कशाला आलो असतो, सर?”